दारू सुटली, पण मन कशातच लागत नाही. काय करावं?

लेथवाला

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत लेथवर आहे, राहायला सुभाषनगरकडे. या वर्षी घरच्यांनी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, होळी तिथंच गेली. बाहेर आल्यापासून थेंब घेतलेला नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर खालचं वाचून कोणाला वाटायचं की हा पुन्हा प्यायला निमित्त शोधून राहिला. प्यायचं नाही हे पक्कं आहे.

अडचण अशी की मला कशाचीच इच्छा होत नाही.

केंद्रात रोज सकाळी एकेकाला उभं करून विचारायचे, बाहेर गेल्यावर काय करणार? मी छातीठोक सांगायचो. पोरीला महाराजबागेत नेईन, पतसंस्थेचं कर्ज फेडीन, बायकोचं मंगळसूत्र सोडवीन, एखादी जुनी लेथ घेऊन घरीच जॉबवर्क सुरू करीन. सांगताना अंगात यायचं. सुरुवातीचे महिने त्याच जोरावर निघाले. साळे, मेव्हणे, शेजारचे काका, सगळे पाठ थोपटायचे. आता कोणी काही म्हणत नाही. त्यांचंही बरोबर आहे, रोज रोज काय कौतुक करतील? पण तो जोर ओसरला आणि खाली काहीच उरलं नाही असं झालंय.

कामाचं सांगतो. पीत होतो तेव्हा सकाळी हात असा थरथरायचा की मायक्रोमीटर धरला तरी रीडिंग घेता यायचं नाही. दुसऱ्याला मोजायला सांगायचो. बुश रिजेक्ट व्हायचे, सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलायचा. आता हात स्थिर आहे. दहा मायक्रॉनचा टॉलरन्स, म्हणजे मापात तेवढीच मुभा, असला तरी पहिल्या फटक्यात जॉब पास होतो. गेल्या आठवड्यात एका पंपाच्या शाफ्टची पूर्ण लॉट माझ्या मशीनवरून निघाली, एकही परत आला नाही. सुपरवायझर म्हणाला, "मस्त." मला काहीच वाटलं नाही. तेल पुसलं, मशीन बंद केली, निघालो.

पाचला सुटी. गाडी पिण्यातच विकली, म्हणून लोकमान्य नगरहून मेट्रो धरतो. साडेपाच-पावणेसहाला घरी. बायको डबा घ्यायला दारातच येते. डबा घेताना जरा जास्त जवळ येते. कशाला येते ते मला कळतं, ती मला कळू न देण्याचा प्रयत्न करते. पोरगी चौथीत आहे. तिची गुल्लक अजून कपाटात स्वेटरांच्या मागे असते. एकदा स्वेटर काढायला गेलो तेव्हा हाताला लागली. पुन्हा तशीच झाकून ठेवली.

त्यानंतर झोपेपर्यंतचा वेळ खायला उठतो. टीव्ही लावतो, बघत नाही. पोरगी म्हणते बाबा अभ्यास घ्या, मी बसतो, पाच मिनिटांत माझं लक्ष भिंतीवर. आधी हाच वेळ कसा जायचा ते तुम्हाला माहीतच आहे. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, मात्र दुप्पट झालाय. सकाळी एक पुडी असायची, आता खिशात कायम.

आणि समोर पोळा आहे. आमच्या गावाकडचे दरवर्षी करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बसतात, पत्ते आणि बाटली. मला बोलावतील. जाणार नाही हे ठरलंय. पण घरी बसून तरी काय करू, हा प्रश्न आहे.

मरायचे वगैरे विचार नाहीत, कोणी विचारायच्या आधीच सांगतो. फक्त असं वाटतं की दारू सोडून मी एक रिकामी खोली भाड्यानं घेतली आणि आता तिथं बसून आहे. जे यातून गेले त्यांनी सांगा, इच्छा परत येते का? येते तर कुठून येते? तुम्ही काय केलं?

फुटाळा_पहाटे

भाऊ, व्यायाम लाव. माझं दारूचं नव्हतं, पावडरचं होतं. सुटल्यावर मलाही सगळं बेचव लागायचं. फुटाळ्याच्या काठानं पहाटे चालायला लागलो, मग पळायला. सहा महिन्यांत माणूस बदलतो. घाम निघाला की डोकं साफ होतं. जास्त विचार करू नको, उद्यापासून सुरू कर.

लेथवाला

दादा, चांगलं सांगितलं. पण पहाटे उठून बूट घालायची इच्छा कुठून आणू? प्रश्न तोच तर आहे.

वॉर्डसिस्टर

लेथवाले भाऊ, मी मानसोपचार विभागात नर्स होते. निवृत्तीआधी बरीच वर्षं व्यसनाच्या रुग्णांसोबत गेली. तुम्ही जे लिहिलंय ते इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की वाचताना बेड नंबर आठवायला लागले.

पहिली गोष्ट, हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. एखादी गोष्ट करावीशी वाटणं, केल्यावर बरं वाटणं, यात त्याचा मोठा भाग आहे. रोजची दारू त्याला वर्षानुवर्षं कृत्रिमपणे उसळवत राहते. मेंदू मग स्वतःला सांभाळण्यासाठी त्या रसायनाला प्रतिसाद देणारी केंद्रं कमी करतो. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये हे दिसतं. दारू बंद झाली की उसळी थांबते, पण कमी झालेली केंद्रं लगेच भरून येत नाहीत. म्हणून शाफ्टची लॉट पास झाली तरी आत काही हललं नाही. तुम्ही कृतघ्न झालात असं नाही, मेंदूची ती जागा अजून दुरुस्त होते आहे. थरथर, घाम, उलट्या, झटके हा सोडतानाचा त्रास काही दिवसांत संपतो. हा बेचवपणा, कच्ची झोप आणि चिडचिड मात्र महिनोन्‌महिने चालू शकते. केंद्रातून सोडताना हे नीट सांगायला हवं. बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत, आणि माणसाला वाटतं आपण आयुष्यभर असेच राहणार.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांना दाखवा. दारू सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वाटणारी उदासी बहुतेकांची आपोआप उतरते. तुमचे त्याहून खूप जास्त दिवस झालेत. इतक्या दिवसांनीही काहीच गोड लागत नसेल तर ते स्वतंत्र नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी असते, मिहानला एम्स आहे. आतापर्यंत किती प्यायला, कधी सोडली, केंद्रात कोणत्या गोळ्या दिल्या, सगळं खरं सांगा. थायरॉइड, बी-बारा, लिव्हर यांच्या तपासण्या होतील. ओढ कमी करणारी औषधंही असतात, पण ती डॉक्टरनं लिव्हर बघूनच द्यायची असतात.

मेडिकल स्टोअरमधून झोपेची गोळी स्वतः आणू नका, हे हात जोडून सांगते. अल्प्राझोलाम जातीच्या गोळ्या मेंदूत दारूच्याच वाटेनं काम करतात. दारू सोडून गोळीवर आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना सोडवणं जास्त अवघड गेलं.

खर्ऱ्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, मी ओझरतं सोडणार नाही. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील किंवा तिखट खाल्लं की तोंडाची आग होत असेल, तर दंतमहाविद्यालयात दाखवून या. सुपारीनं तोंडाची आतली त्वचा कडक होते आणि पुढे त्यातूनच कर्करोग होऊ शकतो. विदर्भात हे तिशीतल्या पोरांत दिसतं. तंबाखू सोडायला मदत म्हणून १८००-११२-३५६ हा मोफत नंबर आहे. व्यसनासाठी केंद्र सरकारचा १४४४६ आहे. आज नाहीत म्हणता, पण कधी मरणाचे विचार आलेच तर १४४१६, टेलिमानस. मराठीत बोलता येतं, रात्रीही.

अजनीचे आबा

बाळा लेथवाल्या, सिस्टरनं सांगितलं ते आधी कर. मग माझं ऐक.

मी अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर होतो. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, दारू त्याच्याही आधी सुटली. तू लिहिलेली संध्याकाळ मला पाठ आहे. माझी सौ. डबा घ्यायला नाही यायची, ती माझा शर्ट धुवायला टाकायच्या निमित्तानं नाकाशी न्यायची.

तू विचारून राहिला, इच्छा येते कुठून. मी तुला माझं सांगतो. मला वाटायचं, आधी इच्छा होणार, मग आपण उठणार. मी त्या इच्छेची वाट बघत खाटेवर पडून राहायचो. दारू सोडलेल्या माणसांची आमची मीटिंग भरते, तिचा सेक्रेटरी तेव्हा एक मास्तर होता. मी मीटिंगला कधी जायचो, कधी नाही. मन झालं तर जायचो. एक दिवस मीटिंग संपल्यावर मास्तरनं माझ्या हातात खोलीची किल्ली ठेवली. म्हणाला, "मला गावाला जायचंय, पुढच्या वेळी तुम्ही उघडा." शाळेची खोली होती. किल्ली पितळेची, तिला सुतळीचा तुकडा बांधलेला. मी म्हटलं, मला जमणार नाही. तो म्हणाला, "जमायचं काय त्यात? कुलूप उघडायचं, बाकं भिंतीला लावायची, सतरंजी घालायची, चहाचं आधण ठेवायचं. सातला लोक येतात, तुम्ही साडेसहाला या."

त्या दिवशी मला अजिबात मन नव्हतं. नागपूरचा मे महिना, संध्याकाळी सहालाही अंग भाजत होतं. घरी कूलरसमोर पडलो होतो. पण किल्ली माझ्या खिशात. मी नाही गेलो तर दहा-बारा माणसं कुलूपबंद दारासमोर उन्हात उभी राहणार, आणि त्यातला एक तरी समोरच्या भट्टीकडे वळणार. मला माहीत होतं कोणता वळेल. म्हणून उठलो. सायकल काढली, गेलो, कुलूप उघडलं. सतरंजी झटकली तर धूळ नाकातोंडात गेली. किटली घासली. लोक आले. मी काही शेअरिंगसुद्धा केलं नाही त्या दिवशी, म्हणजे उभं राहून स्वतःचं काही सांगितलं नाही. परत येताना मला आनंदबिनंद नाही झाला. पण रात्री पोळी खाल्ली आणि झोप लागली, मधे उठलो नाही.

मास्तर गावाहून आला, किल्ली परत मागितली नाही. मी पण दिली नाही. पुढं कधीतरी लक्षात आलं की संध्याकाळचे सहा वाजले की मी आपोआप सायकलला हात घालतो. इच्छा कधी आली ते मला सांगता येणार नाही. पण ती पाय उचलल्यानंतर आली, आधी नाही आली, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आमच्या फेलोशिपची सुरुवातही अशीच आहे. १९३५ चा मे महिना, अमेरिकेत ओहायो राज्यात ॲक्रन नावाचं गाव. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर दलाल धंद्याच्या कामाला तिथं गेला होता. काम फिसकटलं. काही महिनेच झाले होते त्याला दारू सोडून. परक्या गावात, हॉटेलच्या लॉबीत एकटा, खिशात पैसे थोडे, आणि बाजूच्या बारमधून हसण्याबोलण्याचा आवाज. तो बारमध्ये जाण्याऐवजी टेलिफोनकडे गेला. चर्चच्या यादीतून फोन लावत सुटला आणि विचारत गेला, या गावात कोणी दारुडा आहे का ज्याच्याशी मला बोलता येईल. लक्षात घे, तो मदत मागत नव्हता. दुसऱ्याला मदत केली तर आपण वाचू, एवढंच त्याला उमगलं होतं. त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब नावाच्या सर्जनशी पडली. डॉक्टर बॉबनं १० जून १९३५ ला शेवटचा घोट घेतला, तीच तारीख आम्ही अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात धरतो. बिलच्या मनात त्या लॉबीत उत्साह होता असं मला नाही वाटत. भीती होती. पण त्यानं हात फोनला लावला.

तू तुझ्या इच्छांची यादी लिहिली. लेथ, कर्ज, मंगळसूत्र. सगळं चांगलं आहे, पण सगळं दूरचं आहे आणि सगळं तुझ्या एकट्याच्या हिमतीवर. तुला आज संध्याकाळी सहाला कोणाला तरी तुझी गरज पाहिजे. बारीकसारीक चालेल. पोळ्याच्या करीला तर पाहिजेच पाहिजे. "जाणार नाही" एवढं पुरत नाही. सकाळी कुठं, दुपारून कुठं, सांजेला कोणाबरोबर, हे आदल्या दिवशी ठरलेलं पाहिजे.

आमच्याकडे ये. फी नाही, कोणी नाव-आडनाव विचारत नाही, रजिस्टर नाही. दारू सोडायची इच्छा आहे एवढं पुरतं.

लेथवाला

आबा, वाचताना पहिल्यांदा काहीतरी आत लागलं, खरं सांगतो. पण एक गोष्ट मोकळेपणानं विचारतो. केंद्रातही असल्या मीटिंगा व्हायच्या. त्यात देवाचं फार असायचं. आम्ही बाबासाहेबांची लेकरं, दीक्षाभूमीला जाणारे. आमच्या घरी देव नाही. तिथं हात जोडून प्रार्थना म्हणायची तर मला खोटं वाटेल. आणि खोटं बोलणं मी पुष्कळ केलंय, आता नको.

अजनीचे आबा

तुझं म्हणणं मला पटतं. खोटं म्हणू नको. आमच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूतून बाहेर यायचे जे टप्पे आम्ही मानतो त्यांत, "आम्हाला जसा उमजला तसा देव" असं शब्दाला शब्द लिहिलेलं आहे. आमच्या मीटिंगला बौद्ध मंडळी बरीच आहेत. त्यातला एक जण म्हणतो, माझ्यासाठी ही खोलीत बसलेली माणसंच माझ्यापेक्षा मोठी शक्ती. प्रार्थनेला तो गप्प उभा राहतो, कोणी त्याला टोकत नाही. दुसरा एक जण पाचवं शील रोज सकाळी म्हणतो, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. ते त्यानं लहानपणापासून म्हटलेलं होतं आणि प्यायचाही. आता म्हणतो तेव्हा थांबून म्हणतो, असं सांगतो. तुझ्या घरी पंचशील आहे, तुला बाहेरून काही आणायची गरज नाही.

नंदनवनची ताई

मी बायकोच्या बाजूनं लिहिते. माझे मिस्टर ऑटो चालवतात, त्यांची सुटून आता बराच काळ झाला.

भाऊ, तुमची मिसेस जवळ येते, त्याचं तुम्हाला वाईट वाटतं. वाटणारच. पण तिला थांबवू नका आणि "माझ्यावर विश्वास नाही का" असं तर कधीच विचारू नका. माझ्या नाकाला ती सवय त्यांनीच लावली होती, ती त्यांच्या शपथांनी जाणार नव्हती. मला माहीत असायचं की आज प्यायलेले नाहीत, तरी नाक पुढं जायचं. एक दिवस ते सवारी सोडून आले, मी डाळ फोडणीला टाकत होते, त्यांनी स्वतःच हात धुतले आणि पोळ्या लाटायला बसले. वेड्यावाकड्या लाटल्या. जेवण झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आज मी वास घेतलाच नाही. त्यांनाही सांगितलं नाही मी ते.

पोरीच्या गुल्लकीला हात लावू नका, तिच्यापाशी विषयही काढू नका. तिची आहे, ती ठेवेल जिथं ठेवायची तिथं. तुम्ही अभ्यासाला बसता आणि लक्ष भिंतीवर जातं म्हणता. तरी बसा. लेकरांना कळतं बाप बसलाय की उठून गेलाय. माझ्या मुलानं मला नंतर सांगितलं, बाबा काही बोलायचे नाहीत पण टेबलाशी असायचे.

तुमच्या मिसेसला कोणी विचारतं का तिचं कसं चाललंय? सगळे तुम्हाला विचारतात. आमच्यासाठी अल-ॲनॉन म्हणून वेगळ्या बैठका असतात, घरच्यांच्या. मी तिथं गेले आणि पहिल्यांदा माझ्या तोंडून माझ्याबद्दल वाक्य निघालं. तोवर सगळी वाक्यं त्यांच्याबद्दलच असायची.

आणखी एक, वाचणाऱ्या बाकीच्या बायांसाठी. भाजीत चोरून गोळी घालून दारू सोडवा असं सांगणारे भेटतात. मी पण घालणार होते. एका डॉक्टर मॅडमनं वेळेवर थांबवलं. सिस्टर, तुम्ही सांगा ना त्याबद्दल.

वॉर्डसिस्टर

ताई, बरं केलंत. त्या गोळीचं नाव डायसल्फिराम. ती घेतलेली असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम पडतं. हृदय कमजोर असेल तर माणूस जाऊ शकतो. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच्या देखरेखीखाली दिली तर ती उपयोगाची आहे. चोरून घातली तर जिवावरची आहे. ज्या घरात कोणी अशी गोळी विकायला आलं असेल त्यांनी घेऊ नका.

चंद्रपूरकर

मी मूळचा चंद्रपूरचा, सध्या नागपुरात. एकच सांगायचंय. आमच्या जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी झाली आणि २०२१ ला उठली. बंदी होती तेव्हा मला वाटायचं, दुकानं बंद आहेत, आपोआप सुटेल. पण मिळायची, दुप्पट-तिप्पट भावात, आणि मी तेवढी मोजायचो. बंदी उठली, दुकानं समोर उघडी झाली, आणि त्याच सुमारास माझी सुटली, कारण तेव्हा माझ्या भावाचं किराणा दुकान मी सकाळी उघडायला लागलो होतो. आबांच्या किल्लीसारखंच. बंदी असावी की नसावी त्यावर मी बोलत नाही, ज्या बायांनी त्यासाठी चालत मोर्चे काढले त्यांचं दुःख खरं आहे. मी फक्त माझं सांगतो.

लेथवाले भाऊ, हातात कला आहे तुमच्या. ती लेथ घ्यायची गोष्ट सोडू नका, पण कर्ज काढून आत्ता घेऊ नका. पहिल्या वर्षात मोठा व्यवहार, घरबदल, नोकरीबदल करू नये असं मला समुपदेशकानं सांगितलं होतं. मी ऐकलं, फायदा झाला.

फुटाळा_पहाटे

आबांचं वाचून माझं पण लक्षात आलं. मला पहाटे उठवायला एक मित्र खाली येऊन हॉर्न द्यायचा. मी ते लिहिलंच नव्हतं. तो नसता तर मी बूट घातले नसते. भाऊ, सुभाषनगर माझ्या वाटेवर आहे. तुला चालत असेल तर सकाळी साडेपाचला मी खाली येईन. पळायचं नाही, अंबाझरीपर्यंत चालायचं. निरोप टाक.

लेथवाला

सगळ्यांचे आभार. इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं.

काय काय केलं ते सांगतो. शनिवारी साप्ताहिक सुटी असते, मेडिकलला गेलो. सकाळी जाऊन चिठ्ठी काढली, दुपारपर्यंत नंबर लागला. डॉक्टर तरुण होता, घाई केली नाही. रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, एक गोळी सुरू केली, म्हणाला फरक पडायला दोन-चार आठवडे लागतील, मधेच बंद करू नका. त्याला झोपेची गोळी मागितली होती, सिस्टर म्हणाल्या तसंच तोही म्हणाला.

तीन बोटं घालून बघितली. तिसरं बोट अडतंय. डेंटलला दाखवणार आहे. त्या दिवशी खर्ऱ्याची पुडी पानठेल्यावरच परत केली, ठेलेवाला बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा घेतली. पण खिशात कायम ठेवायचं बंद केलंय, आणि सिस्टरनं दिलेल्या तंबाखू सोडायच्या नंबरला फोन लावला होता. त्या बाई पुन्हा फोन करणार आहेत.

ताई, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. नाकाचं वाचलं तेव्हा ती उठून आत गेली. मग बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाली, त्या बायांच्या बैठका कुठं असतात ते विचारा. तर विचारतोय.

करीचं असं ठरलं. सकाळी पोरीला घेऊन मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला इतवारी-महालाकडे जाणार. तिनं कधी बघितली नाही, मी दरवर्षी त्या दिवशी कुठं असायचो ते सांगायला नको. दुपारून मशीनशॉपमधल्या एका नव्या पोट्ट्याला ड्रॉइंग वाचायला शिकवायचं कबूल केलंय, तो घरीच येईल. आयटीआय झालाय पण टॉलरन्सचं त्याचं कच्चं आहे. संध्याकाळी आबांकडे. आबा, किती वाजता आणि कुठं ते निरोपात कळवा.

इच्छा अजून तशीच आहे, म्हणजे नाहीच आहे. ते पण खरं सांगायला पाहिजे. फुटाळा दादा, उद्या हॉर्न द्या.

अजनीचे आबा

निरोप पाठवला आहे. सौ.साठी अल-ॲनॉनच्या एका ताईंना विचारून त्यांचाही पत्ता देतो. मिरवणुकीत गर्दी फार असते, पोरीला खांद्यावर घे नाहीतर हात सोडू नको. गोळी वेळेवर घे.

वाडीवरून

आबा, मी हा धागा सुरुवातीपासून वाचतोय. अमरावती रोडला, वाडीच्या बाजूला अशी मीटिंग असते का? मोठ्या भावासाठी विचारतोय. तो यायला तयार नाही. जबरदस्तीनं आणू का?

अजनीचे आबा

जबरदस्तीनं आणू नको, दादा. तू ये. ओपन मीटिंग असते तिला घरच्यांना बसता येतं. तारीख बघून तुला कळवतो. आणि तोवर एक कर, भाऊ रोज पीत असेल तर त्याची दारू घरी एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याला अचानक सोडल्यावर झटके येऊ शकतात, आमच्यातला एक माणूस तसा गेला. आधी डॉक्टर. १४४४६ ला आजच फोन लाव, जवळचं केंद्र कोणतं ते ते सांगतात.